पंगतीपासून प्रयोगशाळेपर्यंत

20 फेब्रुवारी 2024 रोजी एकादशी होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाणा गावी हरिनाम सप्ताह सुरू होता आणि फराळाचा प्रसाद म्हणून भगर-आमटी वाटली गेली. त्या रात्री शेकडो माणसांना उलट्या-जुलाबांनी गाठले. बीबी गावच्या रुग्णालयातली जागा अपुरी पडली, तेव्हा बाहेर उघड्यावर दोऱ्या ताणून त्यांना सलाईनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. ती छायाचित्रे देशभर पाहिली गेली. अशा घटनेत रुग्णांवर उपचार झाले की बातमी मागे पडते. सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रश्न मात्र उरतोच. इतक्या माणसांना नेमके कशाने बाधले?

हा प्रश्न विचारायला का हवा, हे आधी समजून घेऊ. आपल्याकडे सप्ताह, भंडारा, लग्न, शाळेचा पोषण आहार, वसतिगृह अशा कितीतरी ठिकाणी एका चुलीवरचे अन्न शेकडो जण जेवतात. ही आपली श्रीमंती आहे, आणि ती जपायची तर कारण नेमके कळले पाहिजे. स्टॅफिलोकॉकस हा जंतू असेल तर लक्ष वाढणाऱ्या आणि रांधणाऱ्या हातांकडे द्यावे लागते. बॅसिलस सिरियस किंवा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स असेल तर शिजलेले अन्न मोठ्या पातेल्यात किती तास कोमट पडून होते, ते पाहावे लागते. साल्मोनेला असेल तर अन्न कच्चे राहिले का, पाणी किंवा भांडी दूषित होती का, इकडे वळावे लागते. कारण कळले नाही तर दोष आचाऱ्यावर येतो आणि पद्धत तशीच राहते.

नव्या वाचकांनी सुरुवात सूक्ष्मदर्शकापासून करू नये, घड्याळापासून करावी. जेवण आणि पहिली उलटी यांत किती वेळ गेला, हा पहिला पुरावा. एक ते सहा तासांतच उलट्या सुरू झाल्या असतील, तर विष बहुधा अन्नातच तयार झालेले होते. तेव्हा स्टॅफिलोकॉकस किंवा बॅसिलस सिरियसचा उलटी घडवणारा प्रकार आठवावा. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा येऊन जुलाब झाले, तर आतड्यात विष तयार करणारे जंतू डोळ्यांपुढे येतात. ताप असेल आणि त्रास अर्ध्या दिवसानंतर किंवा दोन दिवसांनी सुरू झाला असेल, तर साल्मोनेलाची शक्यता वाढते. सोबत एक तक्ता करावा: कोणी काय खाल्ले, कोणी काय खाल्ले नाही आणि त्यांतले आजारी कोण पडले. न जेवलेल्यांची माहितीही तितकीच मोलाची असते.

यानंतर प्रयोगशाळेचे दार उघडते. उरलेले अन्न, रुग्णांची उलटी व शौच यांचे नमुने स्वच्छ भांड्यांत, बर्फाच्या पेटीतून लवकर पोहोचायला हवेत. तिथे ते निवडक पोषक माध्यमांवर वाढवले जातात. मिठाचे प्रमाण जास्त असलेल्या मॅनिटॉल सॉल्ट अगारवर स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या वसाहती पिवळ्या दिसतात. एक्सएलडी अगारवर साल्मोनेलाच्या लाल वसाहतींच्या मध्यभागी काळा ठिपका उमटतो. मग 1884 पासून वापरात असलेले ग्रॅम रंजन, कोॲग्युलेजसारख्या चाचण्या, आणि जिथे सोय असेल तिथे जनुकांची तपासणी.

पण जंतूचे नाव कळले म्हणजे काम झाले, असे तुम्ही समजू नका. निरोगी माणसांपैकी अनेकांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतोच. म्हणून तो किती संख्येने आहे, विष तयार करतो का, कोणत्या प्रतिजैविकांना दाद देत नाही, आणि अन्नातला, रुग्णाचा व रांधणाऱ्याच्या हातावरचा जंतू एकाच वाणाचा आहे का, हे पाहावे लागते. ओळखीइतकेच हे गुणवर्णन महत्त्वाचे. 1914 साली फिलिपिन्समध्ये बार्बर या संशोधकाने कासदाह झालेल्या गाईचे दूध स्वतः पिऊन पाहिले. ताज्या दुधाने काही झाले नाही, तेच दूध काही तास उबेत राहिल्यावर मात्र त्रास झाला. जंतूला वाढायला आणि विष तयार करायला वेळ मिळाला, यातच सारे आले. स्टॅफिलोकॉकसचे हे विष उकळल्यानेही सहजी नष्ट होत नाही. म्हणून ‘पुन्हा गरम केले की झाले’ हा भरवसा धोक्याचा आहे.

आणखी एक सावधगिरी. विषबाधा दिसली की जंतूच असेल, असे गृहीत धरू नये. भगर दमट जागी साठवली किंवा तिचे पीठ जुने झाले तर तिच्यावर बुरशी वाढते, आणि काही बुरशींची विषेही बाधतात. चांगला अभ्यासक सगळ्या शक्यता मांडतो आणि पुराव्याने एकेक बाजूला सारतो.

या जिल्ह्याला सूक्ष्मजीवांचा अभ्यास परका नाही. ज्या लोणार तालुक्यात सोमठाणा आहे, तिथलेच खारे-अल्कधर्मी सरोवर जून 2020 मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून मिठात वाढणारे रंगद्रव्ययुक्त आर्किया हे त्याचे कारण सांगितले. पाण्याच्या रंगाबद्दल जी जिज्ञासा आपण दाखवली, तीच ताटातल्या अन्नाबद्दल दाखवायला काय हरकत आहे?

विद्यार्थ्यांनी या पुस्तकातली पुढील प्रकरणे क्रमाने वाचावीत. आरोग्यसेविका, शिक्षक आणि सप्ताहाच्या मंडळींनी नमुने घेण्याचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. तुम्ही प्रयोगशाळेत कधी गेला नसलात, तरी पंगत वाढण्यापूर्वी प्रत्येक पदार्थाचा थोडा भाग स्वच्छ, झाकणबंद डब्यात घालून दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये राखून ठेवू शकता. तपासाची वेळ आलीच, तर सर्वात विश्वासार्ह साक्षीदार तोच डबा असेल.