बाईला पोलीस ठाण्यात बोलावलं तर? कायदा काय म्हणतो, आणि तो कुणामुळे बदलला

गेल्या वर्षी पालकसभा संपल्यावर एक आई मागे थांबली. शेजारच्या घरात मारामारी झाली होती आणि ती तिने पाहिली होती. "मॅडम, ठाण्यातून फोन आला. जबाब द्यायला रात्री आठला या म्हणाले. घरात सगळे म्हणतात, ठाण्याची पायरी चढलीस तर लोक काय म्हणतील?" गेले नाही तर अटक होईल आणि गेले तर इज्जत जाईल, असं तिला वाटत होतं. कायद्यात तिसरा रस्ता आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या कॅम्प तीनमध्ये अशा आया कमी नाहीत, म्हणून हे टिपण.

साक्षीदार असाल तर

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीदार बाईला जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी ती राहते तिथे यायचं. स्वतःच्या मर्जीने जायचं असेल तर ती जाऊ शकते.

बळी असाल तर

विनयभंग, बलात्कार अशा गुन्ह्यांत पीडित बाईची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला तरी फिर्याद घेणं बंधनकारक आहे. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या.

आरोप असेल तर

अटक करताना पुरुष पोलिसाने बाईच्या अंगाला हात लावायचा नाही, अगदीच अपवादाची वेळ असेल तर गोष्ट वेगळी. सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक करायची नाही. फारच निकड असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची (कलम ४३). अटकेचं कारण सांगणं, घरच्यांना कळवणं आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. बाईला वकील सरकारी खर्चाने मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हे १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे.

हे सहज मिळालेलं नाही

१९७२ मध्ये आपल्याच राज्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. मुलीने विरोध केल्याच्या खुणा नाहीत, असं कोर्टाचं म्हणणं होतं. हेच मथुरा प्रकरण. चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांत लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या दोन स्त्रिया होत्या. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

त्याच वर्षी आणखी एक निकाल लागला. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या सेंट्रल जेलमध्ये १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं की लॉकअपमध्ये पोलिसांनी मारहाण केली. बारसे यांनी थेट सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. कोर्टाने निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना जेलमध्ये जाऊन कैदी बायकांशी बोलायला सांगितलं. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात आदेश आले: बायकांसाठी वेगळी लॉकअप, पहाऱ्याला महिला शिपाई, चौकशी महिला पोलिसांच्या हजेरीतच, आणि प्रत्येक लॉकअपमध्ये हक्कांचं पत्रक, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत.

म्हणजे ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप होता, त्याच बायका मार खाणाऱ्याही होत्या. त्या बोलल्या, एका पत्रकार बाईने ते लिहिलं, दुसरीने तपासलं, आणि फायदा आज तुमच्या-माझ्या मुलीला होतो.

वर्दीत बाई असली म्हणजे झालं?

नाही. २३ जून २०१७ रोजी भायखळ्याच्या महिला जेलमध्ये मंजुळा शेट्ये या कैदी बाईला मारहाण झाली आणि तिचा मृत्यू झाला. सहकैदी बायकांनी आवाज उठवला. जेलच्या सहा महिला अधिकारी-कर्मचाऱ्यांना खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. गोंधळ घालणाऱ्या कैदी बायकांवरही दंगलीचा गुन्हा नोंदला गेला. त्या दिवशी आरोपी, बळी आणि वर्दीवाली, सगळ्या बायकाच होत्या. म्हणून महिला पोलीस हव्यातच, पण त्यांना जाब विचारणारेही हवेत. आणि जाब पहिल्यांदा घरच्यांनीच विचारायचा असतो.

इथेच आपण कमी पडतो. देशातल्या कैद्यांत बायका शंभरात सुमारे चार. मुलगा आत गेला तर बाप वकील शोधतो, आई डबा घेऊन दारात उभी राहते. सून किंवा मुलगी आत गेली तर घरचे तिचं नाव घेणं सोडतात. तिचं सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्याबरोबर आत राहू शकतं, पण मोठ्या मुलांचं काय? गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच आपण तिला सजा देऊन मोकळे होतो.

आपल्या मुली आणि ही नोकरी

देशाच्या सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती एक मुस्लिम बाई होत्या. केरळच्या एम. फातिमा बीवी, साल १९८९. दहावीच्या वर्गात हे विचारलं तर फार थोडे हात वर होतात. महाराष्ट्र पोलीस भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. मुलगी फॉर्म भरायचा म्हणाली की घरात पहिला सवाल येतो, "रात्रीची ड्युटी कोण करणार?" पण रात्री कुणाची तरी मुलगी ठाण्यात असते, तेव्हा समोर तिची भाषा कळणारी एक बाई असावी, असं आपल्यालाही वाटतं ना?

लिहून ठेवा

- तातडीची पोलीस मदत: ११२
- महिला हेल्पलाइन: १८१
- मोफत वकिलासाठी विधी सेवा हेल्पलाइन: १५१००
- ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण: ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात

त्या आईने दुसऱ्या दिवशी फोन करून एवढंच सांगितलं, "जबाब घरी घ्या, मी देते." दोन दिवसांनी एक महिला शिपाई आणि अधिकारी आले. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून तिने जबाब दिला, वाचून घेतला. लोक काय म्हणाले, ते मी विचारलं नाही.