आसोद्याच्या शेतात ४४३ धावा

आधी खिशातला मोबाइल काढून ठेवा. पुढचे काही तास तो नुसता काचेचा तुकडा आहे. स्वेटर मात्र राहू द्या. खानदेशातला डिसेंबर दुपारी चटका देतो आणि रात्री दात वाजवायला लावतो, आणि आपल्याला रात्रीपर्यंत थांबायचं आहे.

डोळे मिटा. पहिल्यांदा वास येईल दगडी कोळशाच्या धुराचा. इंजीन अगदी जवळून फुत्कारत गेलं की डोळे उघडायची घाई करू नका. कोळशाचा बारीकसा कण गेला तर अर्धा तास चोळत बसाल. गेलं? आता उघडा. तुम्ही जळगाव स्टेशनात उभे आहात. साल १९४८, रविवारची सकाळ.

पायाखाली जपून. फलाटाच्या त्या टोकाला वॅगनींत केळी भरताहेत, खाली पडलेली पानं तुडवून तुडवून फरशी बुळबुळीत झालीय. हिरव्या घडांचा ओला, तुरट वास आणि हमालांच्या पाठीवरचा घाम एकत्र नाकात शिरतो. "बाजू, बाजू!" म्हणत एकजण डोक्यावर घड घेऊन अंगावरच येतो, तुम्ही भिंतीला चिकटता आणि तुमच्या पाठीला ताजा चुना लागतो. झटकत बसू नका. तो बघा, मुंबईच्या गाडीतून पेपरांचा गठ्ठा पडला.

गठ्ठ्याभोवती जमलेला घोळका बघून वाटेल, काही मोठं राजकारण घडलंय. तसं नाही. ही मंडळी पहिलं पान उलटून थेट खेळाच्या बातमीवर जातात. पेपर एकजण विकत घेतो आणि पंधराजण ऐकतात, अशी इथली रीत. वाचणारा मूळजी जेठा कॉलेजचा पोरगा आहे. कॉलेज सुरू होऊन अजून पुरती चार वर्षंही झालेली नाहीत, त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्या पोराला गावात मान आहे आणि इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायचा हक्कही.

"पुणे. रणजी सामना. काठेवाड सर्वबाद २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६..."

"किती?"

"आठशे सव्वीस. भांडारकर २०५. निंबाळकर नाबाद ४४३."

"छापणाऱ्यानं एक चार जास्त टाकला रे. त्रेचाळीस असतील."

पोरगा मान हलवतो. कानामागची पेन्सिल काढून पेपरच्या समासात गणित मांडतो. त्याच्या खांद्यावरून वाकून बघा: ४९ चौकार म्हणजे १९६, एक षटकार, झाले २०२. उरले २४१. ते पळून काढले. जोडीदारांच्या धावांसाठी पळाला तो हिशेब वेगळाच. मिनिटं ४९४, म्हणजे सव्वाआठ तासांना मिनिटभर कमी. पोरगा त्या २४१ खाली दोनदा रेघ ओढतो. पेन्सिलीचं टोक कागदातून आरपार जातं, तरी पेपरचा मालक काही बोलत नाही. त्याचंही लक्ष आकड्यावरच आहे.

आणि मग ती ओळ येते, जिच्यावरून आजचा सगळा दिवस जाणार आहे. ब्रॅडमनचा जागतिक विक्रम नाबाद ४५२. बरोबरीला आणखी नऊ धावा हव्या होत्या. पण सामन्याच्या मधल्या सुट्टीत काठेवाडचा कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, महाराष्ट्राचा कर्णधार राजा गोखले याला म्हणाले की आता डाव सोडा, नाहीतर आम्ही घरी जातो. आणि खरंच गेले. सामना तिथंच संपला.

आता फलाटावर थांबण्यात अर्थ नाही. घोळका बाहेर निघालाय, तुम्हीही निघा. त्यांना आसोद्याला जायचंय, कुणाच्या तरी शेतात भरीत आहे. तुम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारणार नाही. "बसा ना भो" म्हणत बैलगाडीत जागा करून देतील. ही माणसं अशीच आहेत आणि तुमच्या काळातही अशीच राहणार आहेत.

रस्ता धुळीचा. समोरून कापसाच्या गाड्यांची रांग जिनकडे चाललीय, बोंडांतून सुटलेला कापूस बाभळीच्या काट्यांना लोंबतोय, तुमच्या भुवयांनाही लागलाय. जिनिंगच्या पट्ट्यांची धडधड छातीत जाणवते. सरकीचा तेलकट वास गावाबाहेर बराच लांबपर्यंत पाठ सोडत नाही. चाकाचा दणका बसला की तुमचं माकडहाड गाडीच्या फळीवर आपटतं, आणि शेजारचे नाना वाक्य न तोडता बोलत राहतात.

नानांकडे नीट बघा. ते धुळ्याचे. चाळीसगावला गाडी बदलून काल रात्री आलेत. काळी टोपी, कोटाच्या खिशात घडी केलेला रुमाल, आणि आवाजात एक अधिकार, कारण या गाडीत ब्रेबोर्न स्टेडियम डोळ्यांनी पाहिलेला हा एकमेव माणूस. पाच वर्षांपूर्वी पंचरंगी सामन्यात विजय हजारेनं एकूण ३८७ मधले एकट्यानं ३०९ काढले, तेव्हा नाना तिथं होते. भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागी झाली आणि त्यात विवेकचे फक्त २१. हे सांगताना नाना चालत्या गाडीत उभे राहून दाखवतात की विवेक कसा नुसता बॅट आडवी घालत होता. धुरकरी ओरडतो, "बसा नाना, पडाल!"

"काठेवाडना बॉलर म्हंजे काय बॉलर शेतस?" नाना बसता बसता म्हणतात. "हजारेनं हिंदूंच्या संघासमोर काढले. मर्चंटनं ३५९ काढले ते महाराष्ट्रासमोर. समोर कोण होतं ते आधी सांग, मग आकडा सांग."

पोरगा तयारच आहे. "मग त्याच बॉलरांसमोर बाकीच्यांनी चारशे का नाही काढले? भांडारकर २०५ वर थांबला ना?"

गाडीत "हां!" असा एकच गलका होतो. बैल दचकतात.

शेतात पोचेपर्यंत ऊन कललेलं असतं. तुरीच्या कडेला कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग पेटलाय आणि त्यात हातभर लांब, हिरवी-पांढरी वांगी भाजताहेत. जाळ कडक. जवळ बसाल तर गुडघे भाजतील, मागं सराल तर पाठ गारठेल. वांग्याची साल फुटून रस निखाऱ्यावर पडला की सूं करून वाफ उठते, त्या धुरात हिरव्या मिरच्या पडतात आणि सगळ्यांना एकदम ठसका लागतो. तुम्हाला सगळ्यांत जास्त. कुणीतरी पितळी तांब्या पुढे करतं. विहिरीचं पाणी, जरासं खारट.

सोललेली वांगी लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायचं काम तुमच्याकडे येईल. नाही म्हणू नका. ठेचता ठेचता वाद ऐकायला ही सर्वांत चांगली जागा आहे. लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी. समोर केळीच्या पानावर कळण्याची भाकरी येते, ज्वारी आणि काळ्या उडदाची, किंचित कडसर. पहिला घास घ्या. तिखटानं डोळ्यांत पाणी येतं आणि त्याच वेळी दुसऱ्या घासाला हात जातो.

या मंडळींपैकी कुणीही ही खेळी पाहिलेली नाही. बहुतेकांनी निंबाळकरांचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही. तरी गॅसबत्तीच्या उजेडात ही खेळी चालू आहे. जिनातला मुनीम भाकरीच्या तुकड्यानं कव्हर ड्राइव्ह दाखवतो. कोल्हापूरला पाहुणे असलेले एकजण सांगतात की भाऊसाहेब निंबाळकर तिथलेच, आठवड्यापूर्वी २९ पूर्ण झाले. गरज पडली तर विकेट राखतात, बॉलही टाकतात. पोरगा हे सगळं असं ऐकतो की उद्या परीक्षेत विचारणार आहेत.

दोष कुणाचा, यावर अर्धं शेत एकीकडे आणि अर्धं दुसरीकडे. ठाकोरसाहेबांचा, असं मुनीम म्हणतात. गोखल्यांनी हातापाया पडून दोन ओव्हर मागून घ्यायला हव्या होत्या, असं दुसऱ्याचं म्हणणं. तेवढ्यात चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या मावशी, ज्यांच्याकडे आतापर्यंत कुणाचंच लक्ष नव्हतं, विचारतात, "नऊ रन कराले किती वेळ लागता?"

"दोन-तीन ओव्हर, मावशी. दहा मिनिटं."

"मंग त्या राजकोटच्या राजाले एवढी घाई काय व्हती?"

यावर नानांकडेही उत्तर नसतं. ते बिडी शिलगावतात.

आता तुमची जीभ वळवळायला लागेल. तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे. बोलून बघा. सांगा त्यांना, की पाऊणशे वर्षांनंतरही रणजीतला हा सर्वोच्च आकडा असेल, एकाही भारतीयाला प्रथम श्रेणीत तो ओलांडता आलेला नसेल. हसतील. "हजारे शे ना, पुढल्या सालात मोडी," नाना म्हणतील. सांगा, की ब्रॅडमनचे ४५२ दहा वर्षांनी मोडतील, कराचीत, ४९९ करून, आणि पाचशेवी धाव घेताना तो धावबाद होईल. सांगा, की तो हनीफ मोहम्मद नावाचा पोरगा परवा चौदा वर्षांचा होतोय, आणि जन्मलाय जुनागढला, याच काठेवाडात. तुम्हाला भांग चढली असं समजून तांब्या पुन्हा पुढे येईल.

पण एक गोष्ट सांगू नका. या मंडळींची खरी आशा कलकत्त्यावर आहे. वेस्ट इंडीजचा संघ आलाय, वीक्सनं आठवड्यापूर्वी मुंबईत १९४ ठोकले, महिनाअखेरीस कलकत्त्याची कसोटी. निंबाळकरला घेणार की नाही? पोरग्याला खात्री आहे. त्याच्या चेहऱ्याकडे बघा आणि गप्प राहा. तुम्हाला माहीत आहे की कलकत्त्याला नाही, मद्रासला नाही, कधीच नाही. पुढच्या मोसमात राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी, बस्स. २०१२ मध्ये, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते जातील, तेव्हाही नावापुढे अधिकृत कसोट्या शून्यच असतील.

मला विचाराल तर त्या नऊ धावांवर लोकांनी फार अश्रू ढाळले. ४४३ हे ४४३ आहेत, ते कुणी काढून घेतले नाहीत. जे खरोखर नाकारलं गेलं ते दुसरंच. समोर काठेवाड होतं म्हणून आकडा कमी धरायचा, तर मोठ्या बॉलरांसमोर उभं राहायची संधी तरी द्यायची ना? तीही द्यायची नाही आणि "मोठ्यांसमोर कुठं खेळला" असंही विचारायचं, हा न्याय कुठला? तुमच्या काळातही हा प्रश्न क्रिकेटवेड्यांच्या गप्पांत निघतो आणि समोरचा मान खाली घालतो.

नानांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो मोडीत काढता येत नाही. "घेणार कुणाच्या जागी?" ते बोटांवर मोजत विचारतात. "दिल्लीला अधिकारीनं शंभर केले. मुंबईला मोदीनं केले, हजारेनं केले. आपली ब्याटिंग रडतच नाही. रडते बॉलिंग. तो वीक्स आपल्या बॉलरांना झोडपतोय आणि तुम्ही आणखी एक ब्याट्समन पाठवता?"

जाळ बसत आलाय. थंडीनं बोटं आखडताहेत, तुमच्या हाताला लसणाचा वास आहे आणि तो उद्यापर्यंत राहील. गुळाचा चहा फिरतो. पोरगा झोळीतून पोस्टकार्ड काढतो. मुंबईच्या इंग्रजी पेपरच्या संपादकाला लिहायचं, निवड करणारे तो पेपर वाचत असतील, असा बेत आहे. मुनीम गॅसबत्ती जवळ सरकवतात. कार्ड टेकवायला काही नाही, म्हणून पोरगा ते तुमच्या पाठीवर ठेवून लिहितो. स्वेटरातून निबाची टोचणी जाणवते. हलू नका, शाई सांडेल.

मजकूर तो मराठीत सगळ्यांना सांगतो. खानदेशातल्या क्रिकेटप्रेमींची विनंती, की ज्यानं ४४३ केले त्याला कलकत्त्याला एकदा उभं तर करा. खाली सही कुणाची, यावर पाच मिनिटं जातात. शेवटी चौदाजण सह्या करतात, मावशी अंगठा देतात. तुम्हालाही करायला लावतील. करा.

नाना मात्र अजून कोटाच्या खिशात हात घालून बाजूला उभे. कुणी आग्रह करत नाही. धुरकरी बैल जुंपायला उठतो, तेव्हा ते पुढे येऊन कार्ड उजेडात धरतात, दोनदा वाचतात.

"बॉलिंग टाकस, हाई लिखं का?"

"नाही, नाना."

"मग काय लिखं? बॉलर नाहीत म्हणून आपण मरतोय आणि तू रन मोजत बसलास! लिही, बॉल टाकतो. आणि विकेटही राखतो, तेही लिही."

"कार्डावर जागा नाही हो."

"पत्त्याकडे आहे ना जागा? तिथं लिही. आन माझी सही वर घे, सगळ्यांच्या वर. बारीक अक्षरात नको, धुळे पण लिही त्याच्यात."