परसात बांधलेली जोडहोडी

मराठीत होडी बनवत नाहीत, बांधतात. कॅटॅमरान या शब्दात तर हे क्रियापद अक्षरशः बसलेलं आहे. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणं आणि ‘मरम’ म्हणजे झाड, लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी काही ओंडके दोराने आवळून लाटा फोडत मासेमारीला जात, त्या तराफ्याचं हे नाव. सतराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्द्याने ते आपल्या प्रवासवर्णनात टिपलं. पुढे ते भलत्याच वस्तूला चिकटलं: शेजारी-शेजारी ठेवून आडव्या तुळयांनी जोडलेली दोन सडपातळ धडं. अशी जोडहोडी मुळात पॅसिफिकमधल्या बेटांवरची. नाव चुकलं, पण क्रियापद चुकलं नाही. इथेही सगळा भार गाठीवरच.

आपल्याकडे कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर छोट्या होडीला एका बाजूने आडव्या दांड्यांनी लाकडी तरंड जोडतात, ती उलांडी. ती याच कुळातली. मद्रास प्रांताच्या मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले जेम्स हॉर्नेल यांनी भारतीय होड्यांच्या बांधणीवर १९२० च्या सुमारास लिहिलं, तेव्हा उलांडीचं मूळ पूर्वेकडच्या समुद्रात शोधलं. पुढे त्यांनी ए. सी. हॅडन यांच्यासोबत पॅसिफिकमधल्या होड्यांचे तीन जाडजूड खंड सिद्ध केले. म्हणजे जोडहोडी कशी असते, कशी बांधतात, याची माहिती विसाव्या शतकाच्या मध्यावर ग्रंथालयांत पडून होती. कोणी तरी ती उचलून करवतीला हात घालायचा, एवढंच बाकी होतं.

त्याआधी पाश्चात्त्यांनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. १८७६ मध्ये नथानिएल हेरेशॉफ या अमेरिकन बांधकाराने ‘अमॅरिलिस’ नावाची जोडहोडी न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. ती सगळ्यांच्या पुढे गेली. हरलेल्यांनी तक्रार केली आणि असल्या होड्यांना शर्यतीचे दरवाजे बंद झाले. जिंकल्याची इतकी रोखठोक शिक्षा क्रीडेच्या इतिहासात क्वचितच कोणाला झाली असेल.

साठ वर्षांनी एरिक द बिशॉप हा फ्रेंच माणूस हवाईत आपलं ‘जंक’ हे चिनी धाटणीचं जहाज गमावून बसला. वायकीकीच्या किनाऱ्यावर त्याने सोबती जोसेफ ताटिबुएसह ‘काइमिलोआ’ ही जोडहोडी बांधली. मार्च १९३७ मध्ये होनोलुलूहून निघून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, १९३८ मध्ये तो थेट फ्रान्समधल्या कानला पोहोचला. या सफरीवर त्याने लिहिलेलं पुस्तक मँचेस्टरच्या एका तरुणाच्या हाती पडलं, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

हा तरुण म्हणजे जेम्स व्हॅरम, जन्म १९२८. त्याच्याकडे पैसा नव्हता, घराण्याचा दर्यावर्दी वारसाही नव्हता. त्याने ब्रिटनमधल्या संग्रहालयांत आणि ग्रंथालयांत पॅसिफिकच्या होड्यांच्या नोंदी चाळल्या आणि १९५४ मध्ये ‘टांगारोआ’ पाण्यात उतरवली. लांबी साडेतेवीस फूट. आपल्याकडच्या दोन मोटारी एकामागोमाग उभ्या केल्या, तर त्याहून जास्त जागा व्यापतील. १९५५ मध्ये तो रूथ मेर्सेबुर्गर आणि जुट्टा शुल्त्से-ऱ्होनहोफ या दोन जर्मन तरुणींना घेऊन फालमथहून निघाला. शिडाच्या होड्यांचा शौक तेव्हा बराचसा क्लबांत वावरणाऱ्यांचा होता. त्या वर्तुळाला हा प्रकार वेडेपणाचा वाटला. वेडेपणा अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोहोचला.

याच सुमारास, १९५६ मध्ये, अँड्र्यू शार्प या न्यूझीलंडच्या अभ्यासकाने पुस्तक लिहून मांडलं की पॅसिफिकमधले पॉलिनेशियन लोक दूरच्या बेटांवर पोहोचले ते बहुतेक अपघाताने. ठरवून, दिशा धरून एवढं अंतर जाणं त्यांना शक्य नव्हतं. पुस्तकाला पुस्तकाने उत्तर देता येतं. व्हॅरमचं उत्तर लाकडी होतं.

त्रिनिदादमध्ये जुट्टाला मुलगा झाला आणि दुसरी होडीही तिथेच जन्मली: चाळीस फुटी ‘रोंगो’. ती बांधायला हातभार लावला बर्नार मोइतेसिए या फ्रेंच दर्यावर्द्याने. कॅरिबियन समुद्रात त्याची स्वतःची होडी नुकतीच फुटली होती. ‘टांगारोआ’चा तळ सपाट होता; ‘रोंगो’ची दोन्ही धडं इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी, खाली निमुळती केली. या बदलाने दोन कामं साधली. वाऱ्याच्या बाजूने तिरकं वर चढताना होडी आडवी घसरेनाशी झाली, आणि तेही वेगळा खोल कणा न लावता. दुसरं काम पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने मोठं. ‘व्ही’ म्हणजे तळाशी एकमेकींना टेकवलेल्या दोन फळ्या. वाफेवर लाकूड वाकवणं, गोलाई तासणं, हे पिढीजात सुताराचं कसब लागेना. प्लायवूड हाताळता येणारा कोणीही ती उभी करू शकत होता. ‘रोंगो’ न्यूयॉर्कपर्यंत गेली आणि १९५९ मध्ये उत्तर अटलांटिक ओलांडून आयर्लंडला लागली. पश्चिमेकडून पूर्वेकडे जोडहोडीने केलेलं हे पहिलं उत्तर अटलांटिक-पारगमन.

मग टपालाने आराखडे विकण्याचा धंदा सुरू झाला. गिऱ्हाइकाने कागदाची गुंडाळी घ्यायची, आठ-बाय-चारचे प्लायवूडचे तक्ते आणायचे आणि परसात, गोठ्यात, भाड्याच्या शेडमध्ये कामाला लागायचं. जोडहोडी घरी बांधायला सोयीची का, याचं उत्तर साधं आहे. एका धडाच्या होडीला उभं ठेवायला तळाशी शिशाचं किंवा लोखंडाचं टनावारी वजन लागतं. जोडहोडी रुंदीच्या जोरावर उभी राहते, त्यामुळे ओतकाम नाही. शिवाय एक धड पुरं करून बाजूला ठेवायचं, मग दुसरं घ्यायचं आणि शेवटी सगळं सुटं सुटं किनाऱ्यावर नेऊन जोडायचं. जागा निम्मी पुरते.

सुरुवातीच्या आराखड्यांत तुळया बोल्टने बसवत. पुढच्या पिढीत बोल्ट गेले आणि दोर आला. ताठ जोडाला लाटेचा प्रत्येक हिसका सोसावा लागतो. दोराची बांधणी थोडी हलते, जोर वाटून देते. फळ्याही शिवल्या जाऊ लागल्या: कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेचे टाके घालायचे, सांधा इपॉक्सीने भरायचा. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाजं बांधणाऱ्या अरबी समुद्राच्या किनाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

आक्षेपही होते आणि ते पोकळ नव्हते. खाली वजन असलेली होडी कलंडली तर पुन्हा सरळ होते. जोडहोडी उलटली की तशीच राहते. व्हॅरमचा उपाय होता शिडं बुटकी ठेवणं आणि मधला सज्जा फटींच्या फळ्यांचा करणं, म्हणजे वारा-पाणी आरपार जाईल. त्या बदल्यात ऐषआराम सोडावा लागे. अरुंद धडात अंथरूणही अरुंद, आणि सामान जास्त झालं की होडी जड होऊन रेंगाळणार. आज बंदरांत दिसणाऱ्या, मधोमध दिवाणखाना असलेल्या कारखानी कॅटॅमरानशी तिची तुलनाच नको. आराखड्यांचे दहा हजारांहून अधिक संच विकले गेले. तितक्या होड्या काही पाण्यात उतरल्या नाहीत. घरच्या घरी होडी बांधणं म्हणजे शनिवार-रविवार गिळणारं प्रकरण. वर्षं उलटतात, उत्साह आटतो आणि ताडपत्रीखाली एकच धड उरतं.

पण उतरल्या त्यांनी कमाल केली. ‘टिकी २१’ हा आराखडा जेमतेम एकवीस फुटांचा, किनाऱ्यालगत फिरण्यासाठीचा. रॉरी मॅकडूगल या इंग्रज तरुणाने तो स्वतः बांधला, ‘कुकिंग फॅट’ असं थट्टेखोर नाव ठेवलं आणि १९९१ ते १९९७ या काळात त्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्याही आधी ‘होकुलेआ’ या जोडहोडीने १९७६ मध्ये हवाई ते ताहिती अंतर कोणत्याही उपकरणाविना कापलं होतं. वाट दाखवली होती मायक्रोनेशियाच्या माऊ पियालुग यांनी. शार्पच्या अपघाताच्या सिद्धान्ताचं पाणी तिथेच जोखलं गेलं.

व्हॅरम २०२१ च्या डिसेंबरमध्ये गेले, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. त्याआधी, ऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी आणि सह-आराखडाकार हॅनेके बून यांनी फिलिपीन्समध्ये दोन जोडहोड्या बांधून घेतल्या होत्या. धडांचा आकार घेतला होता तिकोपिया बेटावरच्या पारंपरिक होडीवरून. २००८-०९ मध्ये या होड्या इंडोनेशिया आणि पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यांवरून सॉलोमन द्वीपसमूहात गेल्या. तिथे एक तिकोपियाच्या आणि एक अनुटाच्या बेटकऱ्यांना देऊन टाकण्यात आली.