पाळीनंतरची तालीम आणि नाटकातली बी. ए.

मागच्या वेळी आपण पिंपरीच्या कारखान्यांपाशी थांबलो होतो. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, साठच्या दशकात टेल्को. पाळी संपवून कामगार तालमीला जायचे, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत उतरायचे. नाटक शिकायचं ते असं, नोकरी सांभाळून. पुण्यातल्या पांढरपेशांचं तरी काय वेगळं? श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ.

१९८७ मध्ये पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र सुरू झालं आणि नाटकात बी. ए. करायची वाट चिंचवडच्या पोरांना जवळ, गणेशखिंडीत आली. गंमत बघा, १९९६ ते २००९ हे केंद्र सांभाळणारे सतीश आळेकर मूळचे जीवरसायनशास्त्राचे!

आता स्पर्धेत बक्षीस घेतलेला बापच मुलीला म्हणतो, "आधी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा कर." आम्हाला हे ढोंग वाटत नाही. त्याच्या नाटकामागे दरमहा पगार होता, तिच्या पदवीमागे तो नाही. आणि चाकणला कंत्राटावर लागलेल्या पोराला तर पगाराचीही खात्री नाही आणि तालमीला ठरलेली संध्याकाळही नाही.