आडवाटेची गाडी

यंत्र विकत घेणें निराळें आणि यंत्र उभें करणें निराळें. तयार वस्तूला पैसे मोजतांच मालक मिळतो. पण सुट्या भागांची पेटी घरीं आणून तिच्यांतून चालतें यंत्र उभें करूं पाहणाऱ्याला मालकीपूर्वीं उमेदवारी करावी लागते. बिनतारी लहरींच्या इशाऱ्यावर माळावर, वाळूंत व चिखलांत धावणाऱ्या छोट्या ट्रकांचा इतिहास हा अशा उमेदवारीचा इतिहास आहे. त्यांत कारखानदाराच्या कल्पकतेइतकाच गिऱ्हाइकाच्या वैतागाचाही वाटा आहे.

मूळ कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहान नौका बिनतारी संदेशांनीं चालवून दाखविली आणि त्याच वर्षीं तिचें पेटंटही मिळविलें. परंतु या चमत्काराचें घरगुती खेळणें होण्यास पाऊण शतक जावें लागलें. काचेच्या निर्वात नळ्या व अवजड बॅटऱ्या यांचें ओझें हातभर लांबीच्या गाडीला पेलवणारें नव्हतें. ट्रान्झिस्टर निघाला, संदेश घेणारें यंत्र काड्याच्या पेटीएवढें झालें, तेव्हां कोठें ही वाट मोकळी झाली.

या वाटेवर आघाडीस आलेलें गांव म्हणजे जपानांतील शिझुओका. तेथें योशिओ तामिया यांनीं १९४६ सालीं लांकडाचा व्यवसाय सुरू केला. त्यांतून लांकडी प्रतिकृतींचा धंदा निघाला आणि १९६० च्या सुमारास लांकडाची जागा प्लॅस्टिकनें घेतली. योशिओंचे चिरंजीव शुन्साकु यांचा कटाक्ष असा कीं, प्रतिकृति मूळ वस्तूशीं शक्य तितकी इमानी असावी. पोर्शे गाडीची प्रतिकृति करावयाची ठरली, तेव्हां त्यांनीं खरी पोर्शे विकत घेऊन ती सुटी करून पाहिली. १९७६ सालीं याच कारखान्याची पहिली बिनतारी गाडी बाजारांत आली, तीही पोर्शेच होती.

ती गाडी गुळगुळीत जमिनीसाठीं होती. १९७९ सालीं निघालेली ‘सँड स्कॉर्चर’ मात्र वाळूसाठीं होती. तिच्या पुढच्या चाकांची मांडणी खऱ्या फोक्सवागन गाडीच्या धर्तीची होती, कित्येक भाग ओतीव धातूचे होते, आणि बिनतारी यंत्र पाण्यापासून वांचविण्यासाठीं पारदर्शक डबींत बंद केलेलें होतें. १९८१ सालच्या टोयोटा ट्रकाच्या संचांत तर पोलादी पाट्यांच्या कमानी आणि दूर उभें राहून बदलतां येणारे तीन गिअर होते. येथेंच खरेपणा व खेळ यांचा झगडा सुरू झाला. मूळ गाडीशीं इमान राखावें तर वजन वाढतें आणि भागांची संख्याही वाढते. आणि जितके भाग अधिक, तितक्या चुकण्याच्या जागा अधिक.

अशा संचाची पेटी उघडली म्हणजे झांकणावरील चित्रांत धूळ उडवीत जाणाऱ्या गाडीचा आंत मागमूसही नसतो. पिशव्यांत भरलेले स्क्रू, चौकटींना चिकटलेले प्लॅस्टिकचे भाग, दातेरी चाकें आणि एक सूचनापुस्तिका, एवढाच तो पसारा. पहिला वैताग स्क्रूचाच. जपानी स्क्रूच्या डोक्यावरील फुलीची खांच पाश्चात्य ‘फिलिप्स’ खांचेसारखी दिसते, पण तंतोतंत तशी नसते. परकें हत्यार तींत नीट बसत नाहीं. जोर करावा तर निसटतें आणि खांच झिजून गोल होते. शिवाय प्लॅस्टिकमध्यें स्क्रू आपले आटे आपणच पाडतो. ढिला राहिला तर धक्क्यानें गळतो, फार आवळला तर आटे जातात.

दातेरी चाकांची गोष्ट याहून नाजूक. मोटरवरील लहान चाक व त्याला जुळणारें मोठें चाक यांच्यांत केसाएवढी फट हवी. घट्ट बसलीं तर मोटर तापते, सैल राहिलीं तर दांते झिजतात. अनुभवी जोडारी दोहोंमध्यें कागदाची पट्टी धरून चाकें बसवितात आणि मग ती पट्टी काढून घेतात. पारदर्शक कवच असेल तर त्याला रंग आंतून द्यावा लागतो. काचेमागून चित्र काढणाऱ्याप्रमाणें बारकावे आधीं आणि मुख्य रंग मागाहून. चूक झाल्यास वरून दुसरा हात देऊन ती झांकतां येत नाहीं, कारण पाहणाऱ्याला दिसतो तो पहिलाच थर. आणि गिअरच्या पेटींत एखादी चकती विसरली, तर ती आठवण सर्व स्क्रू आवळून झाल्यावर होते.

हे झाले जोडणाऱ्याच्या हातचे दोष. परंतु दोष रचनेंतच असला म्हणजे काय होतें, याचें उत्तम उदाहरण १९८७ सालचा ‘क्लॉड बस्टर’, म्हणजे ढेकळें फोडणारा, हा ट्रक होय. अमेरिकेंत त्या सुमारास प्रचंड चाकांच्या राक्षसी ट्रकांची लाट आली होती. त्यांचेंच हें रूप: पुढच्या आंसावर एक मोटर, मागच्या आंसावर दुसरी, आणि चारही चाकें वळणारीं. पण वळविण्याचें काम करणारी ‘सर्व्हो’ नांवाची एकच छोटी मोटर गाडीच्या सांगाड्यावर बसविलेली होती. तिच्यापासून लांब दांड्या आंसांपर्यंत जात. खाचखळग्यांत आंस वरखालीं झाला कीं दांडीचें अंतर बदले आणि कोणीं न सांगतां चाकें वळत. एवढ्या मोठ्या चाकांना ती शक्तिही अपुरी पडे. गाडी सरळ चालविणें हीच कसरत होऊन बसली.

या त्रासाला कंटाळून कित्येकांनीं गाडी फळीवर ठेवून दिली असेल. पण इतरांनीं ती पुन्हा सुटी केली. त्यांनीं अधिक बळकट सर्व्हो थेट आंसावर बसविला, म्हणजे आंस हलला तरी अंतर बदलण्याचें कारणच उरलें नाहीं. कोणीं मागचीं चाकें सरळ जखडून टाकलीं, कोणीं प्लॅस्टिकच्या पोकळ्यांऐवजीं गोळ्यांचीं बेअरिंगें घातलीं, कोणीं सांगाडाच नवा केला. असे सुधारलेले आंस घेऊन लोक खडकांवरून गाड्या चढवूं लागले, आणि वेगाऐवजीं तोलाची परीक्षा पाहणारा एक निराळाच खेळ बाळसें धरूं लागला. खडक चढणाऱ्या अनेक संचांत सर्व्हो आंसावर बसविण्याची पद्धत पुढें रूढ झाली. गिऱ्हाइकांनीं वैतागून केलेली दुरुस्ती कारखान्याच्या नकाशांत जाऊन बसली.

आज तयार जोडलेल्या गाड्या सहज मिळतात. पेटींतून काढावी आणि धाववावी. तरीही ‘सँड स्कॉर्चर’चा संच २०१० सालीं पुन्हा काढण्यांत आला. तयार गाडी माळावर बंद पडली तर तिच्या मालकाला दुकानाची वाट धरावी लागते. संच जोडणारा मात्र तेथेंच गुडघे टेकून बसतो, कारण कोणता स्क्रू कोठें आहे आणि तो बसवितांना काय त्रास पडला, हें त्याच्या बोटांना पाठ असतें.