टोपीतली नाणी

परदेशी वादक रस्त्याच्या कडेला उभा राहिला की त्या शहराचा स्वभाव कळतो. १८६४ साली लंडनमध्ये एक कायदा झाला. दारासमोर वाजवणाऱ्याला हुसकावून लावण्याचा घरमालकाचा अधिकार त्याने बळकट केला. लोकांचा राग मुख्यतः दांडा फिरवून पेटी वाजवणाऱ्या इटालियनांवर आणि जर्मन बँडवाल्यांवर. गणकयंत्राचा आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज या मोहिमेत हिरिरीने पुढे होता. बुद्धिवंतांचे कान नाजूक असतात, दुसरे काय!

त्याच समुद्रापलीकडचे डब्लिन घ्या. आयर्लंड हा माणसे बाहेर धाडणारा देश. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात दहा लाखांहून अधिक माणसे देशोधडीला लागली, आणि पुढेही पिढ्यान्‌पिढ्या तरुण पोरे बोटीत चढतच राहिली. मी कोकणातला मास्तर. चाकरमान्याच्या मनिऑर्डरीची वाट पाहणारी घरे मी लहानपणी पाहिली आहेत. १९९० नंतरच्या दशकात मात्र आयर्लंडची भरभराट झाली आणि ओघ उलटा फिरला.

त्या ओघात १९९९ साली मेक्सिको शहरातून रोद्रिगो सांचेझ आणि गाब्रिएला किंतेरो डब्लिनला आली. मायदेशी ही दोघे ‘तिएरा आसिदा’ नावाच्या दणदणाटी रॉक बँडमध्ये वाजवीत. येथे ना बँड, ना ओळखपाळख, इंग्रजीही जेमतेम. ग्राफ्टन स्ट्रीट या पादचाऱ्यांच्या रस्त्यावर ती दोन साध्या गिटारी घेऊन उभी राहिली. रोद्रिगो सुरावट छेडी. गाब्रिएला तारा झंकारता झंकारता त्याच हाताने लाकडावर थापा मारून ताल धरी. ड्रमची उणीव तिच्या हाताने भरून काढली. रस्त्यावरच्या श्रोत्याने तिकीट काढलेले नसते. चार पावलांत त्याला थांबवावे लागते, नाहीतर तो गेलाच.

लोक थांबले. २००६ साली या दोघांची शब्दांवाचूनची ध्वनिमुद्रिका आयर्लंडच्या खपाच्या यादीत पहिली आली. २०२० साली त्यांना अमेरिकेतला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

नाणे टाकणाऱ्या प्रत्येकाला आपला परदेशी गेलेला पणजोबा आठवला असेल, असे मी म्हणणार नाही. घाईत असलेला माणूस इतका विचार करीत नाही. पण हुसकावण्याचा कायदा जसा इतिहासात नोंदला जातो, तसे हे थांबणेही नोंदले पाहिजे. म्हणून वर्गात स्थलांतराचा धडा आला की दुष्काळाच्या सनाखाली मी फळ्यावर १९९९ हाही आकडा लिहितो.