फट रिकामी असतानाच



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाला १५९८ मध्ये जिजाऊ जन्मल्या. तिथल्या जुन्या वाड्याचं दगडकाम चुन्यात बांधलेलं. साध्या धाब्याच्या घरावर पाऊस अडवायला पांढरी माती. काचेच्या कडेला लुकण, म्हणजे जवसाच्या तेलात मळलेली खडूची भुकटी. कोकणात होडीच्या फळ्यांमध्ये कापूस ठासून वर राळ लावत.

माझी आजी घरातल्या सगळ्या फटी आषाढ शुद्ध चतुर्दशीआधी, चातुर्मास बसण्यापूर्वीच लिंपून घ्यायची. मी मात्र गेल्या श्रावणात खिडकीच्या फटीत सिलिकॉन भरलं. आत मुंग्या होत्या. त्या कोंडून मेल्या. पावसात जीव आसऱ्याला येतात. आजीची घाई तेव्हा कळली. मिच्छामि दुक्कडम्.